आंद्रेय कोल्मोगोरोव

आंद्रेय निकोलायेविच कोल्मोगोरोव (२५ एप्रिल १९०३ – २० ऑक्टोबर १९८७) हे विसाव्या शतकातील अग्रगण्य रशियन गणितज्ञ होते. आधुनिक संभाव्यताशास्त्राची स्वयंसिद्धकांवर आधारलेली मांडणी त्यांनी केली. संक्षोभ, गतिकी प्रणाली, तर्कशास्त्र, माहिती सिद्धांत आणि गणनाची जटिलता या विषयांतही त्यांचे कार्य मूलभूत मानले जाते. द्रव आणि वायू यांच्या संक्षुब्ध प्रवाहासंबंधी त्यांनी १९४१ साली मांडलेल्या सिद्धांताचा उपयोग पुढे खगोलशास्त्रात आणि प्रकाशिकीत झाला. दुर्बिणी, लेसर संदेशवहन आणि प्रतिमा सुधारणारी उपकरणे यांची चाचणी घेण्यासाठी प्रयोगशाळेत जे कृत्रिम अशांत वातावरण निर्माण केले जाते, त्याची मोजमापे आजही मुख्यतः याच सिद्धांतावरून ठरवली जातात.

== बालपण आणि शिक्षण ==

कोल्मोगोरोव यांचा जन्म रशियातील तांबोव या शहरी झाला. त्यांच्या आई मारिया याकोव्हलेव्ना क्रिमियाहून माहेरी परतत असता वाटेत प्रसूत झाल्या आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वडील निकोलाय कातायेव हे कृषितज्ज्ञ होते. मुलाच्या संगोपनात त्यांचा सहभाग नव्हता आणि रशियन यादवी युद्धाच्या काळात त्यांचा अंत झाला. आंद्रेय यांना त्यांची मावशी व्हेरा याकोव्हलेव्ना यांनी यारोस्लाव्हलजवळील तुनोश्ना या गावी, आजोबांच्या वाड्यात वाढवले. त्यांचे आडनावही आईच्या घराण्याचे आहे.

मावशींनी घरीच एक छोटी शाळा चालवली होती आणि मुलांच्या लेखनाचे एक हस्तलिखित मासिकही त्या काढत असत. ओळीने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज नेहमी पूर्ण वर्ग असते, म्हणजे १ + ३ = ४ आणि १ + ३ + ५ = ९, हे आंद्रेय यांनी पाच-सहा वर्षांचे असताना स्वतः शोधून काढले आणि ते या मासिकात नोंदले गेले. १९१० साली मावशी-भाचे मॉस्कोला आले. क्रांतीनंतरच्या टंचाईच्या दिवसांत आंद्रेय यांनी काही काळ रेल्वेत नोकरी केली.

१९२० साली त्यांनी मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला. आरंभी गणिताबरोबरच धातुशास्त्र आणि रशियाचा इतिहास यांकडेही त्यांचा ओढा होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील नोव्गोरोद प्रांताच्या जमीनधारणेवर त्यांनी एक अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. गणितात ते निकोलाय लुझिन यांच्या शिष्यवर्गात सामील झाले. १९२२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जिची फूर्ये श्रेणी जवळजवळ सर्वत्र अपसारी असते असे एक फलन त्यांनी रचून दाखवले. या निष्कर्षामुळे त्यांचे नाव रशियाबाहेरही पोहोचले.

== संभाव्यतेचा पाया ==

जुगार, विमा आणि निरीक्षणातील चुका यांच्या अभ्यासातून संभाव्यतेचे गणित सतराव्या शतकापासून वाढत आले होते. परंतु संभाव्यता म्हणजे नेमके काय, याची काटेकोर व्याख्या उपलब्ध नव्हती. १९३३ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या एका छोटेखानी ग्रंथात कोल्मोगोरोव यांनी मोजक्या स्वयंसिद्धकांवर हा विषय उभा केला. घटना म्हणजे संच आणि संभाव्यता म्हणजे त्या संचाचे माप, अशी ही मांडणी होती. यामुळे संभाव्यताशास्त्र भूमिती किंवा बीजगणित यांच्याप्रमाणे गणिताची एक स्वतंत्र, तर्कशुद्ध शाखा बनले.

त्यापूर्वी, १९३१ साली, काळानुसार यदृच्छ रीतीने बदलणाऱ्या प्रक्रियांवर त्यांनी एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला होता. एखादी गोष्ट पुढच्या क्षणी कोठे असेल हे निश्चित सांगता येत नसले, तरी तिच्या शक्यतांचे वितरण कसे बदलेल हे समीकरणांनी सांगता येते, असे त्यात दाखवले आहे. संक्षोभाकडे वळताना हीच दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली. १९३१ साली ते मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९३९ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य म्हणून निवडले गेले. गणितज्ञ पावेल अलेक्सांद्रोव हे त्यांचे आजीवन मित्र होते. दोघांनी मॉस्कोजवळील कोमारोव्का या गावी एक घर घेतले होते आणि तेथे त्यांच्या विद्यार्थ्यांचा सतत राबता असे.

== राजकीय दडपणाचा काळ ==

स्टालिनच्या राजवटीत विज्ञानक्षेत्रही सुरक्षित नव्हते. १९३६ साली लुझिन यांच्यावर सोव्हिएतविरोधी वर्तनाचे आरोप ठेवून अकादमीच्या आयोगापुढे त्यांची चौकशी झाली. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांमध्ये त्यांचे अनेक माजी शिष्य होते आणि त्यांत अलेक्सांद्रोव व कोल्मोगोरोव यांचाही समावेश होता. लुझिन अटकेतून बचावले. तथापि हे प्रकरण कोल्मोगोरोव यांच्या चरित्रातील वादग्रस्त भाग ठरले आहे.

१९४० साली मात्र त्यांनी वेगळी भूमिका घेतली. त्रोफिम लिसेंको यांचा गट मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांना विरोध करत होता आणि या गटातील एका संशोधिकेने आपल्या प्रयोगांमुळे मेंडेलचे ३:१ हे प्रमाण खोटे ठरते असा दावा केला होता. कोल्मोगोरोव यांनी त्याच प्रयोगांतील आकडे तपासून एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आकड्यांतील चढउतार संभाव्यतेच्या नियमांनुसार अपेक्षित असेच आहेत आणि म्हणून ते मेंडेलला पाठिंबाच देतात, असे त्यांनी सिद्ध केले. लिसेंको यांचा सत्ताधाऱ्यांवरील प्रभाव पाहता असे लेखन धोक्याचे होते.

== संक्षोभाचा सिद्धांत ==

नदीचा खळाळ, धुराचे लोट किंवा वाऱ्याचे झोत यांत प्रवाह एकसारखा नसतो. त्यात लहानमोठे भोवरे सतत निर्माण होतात आणि विरतात. या अवस्थेला संक्षोभ किंवा टर्ब्युलन्स म्हणतात. प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होती, परंतु संक्षुब्ध प्रवाहासाठी ती सोडवणे शक्य होत नव्हते. इंग्लिश शास्त्रज्ञ ल्युइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली असे चित्र मांडले होते की, मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होतात, त्यांचे आणखी लहान होतात आणि शेवटी द्रायूच्या अंतर्गत घर्षणामुळे, म्हणजे श्यानतेमुळे, त्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. या चित्रात संख्या नव्हत्या.

१९४१ साली सोव्हिएत अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या काही पानांच्या शोधनिबंधांत कोल्मोगोरोव यांनी त्या पुरवल्या. प्रवाह पुरेसा जोरदार असेल, तर ऊर्जेच्या या उतरंडीत मूळ खळबळ कशामुळे झाली याची खूण लहान भोवऱ्यांत उरत नाही, हे त्यांचे गृहीतक होते. ती पंख्याने झाली, पुलाच्या खांबाने झाली की डोंगरावरील वाऱ्याने झाली, याला महत्त्व राहत नाही. लहान भोवऱ्यांचे सांख्यिकीय स्वरूप केवळ दोन राशींवर अवलंबून असते: एकक वस्तुमानामागे ऊर्जा उष्णतेत बदलण्याचा वेग आणि द्रायूची श्यानता. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भोवऱ्यांच्या मधल्या टप्प्यात श्यानतेचाही प्रभाव पडत नाही.

या गृहीतकावरून दोन-तृतीयांश नियम मिळतो. प्रवाहातील दोन बिंदूंच्या वेगांतील फरकाच्या वर्गाची सरासरी ही त्या बिंदूंमधील अंतराच्या २/३ घाताच्या प्रमाणात वाढते. अंतर आठपट केले, तर ही सरासरी चौपट होते. त्याच वर्षी त्यांचे शिष्य अलेक्सांद्र ओबुखोव यांनी हाच निष्कर्ष ऊर्जेच्या वर्णपटाच्या भाषेत मांडला. त्यातून उणे पाच-तृतीयांश घाताचा प्रसिद्ध नियम मिळाला. १९६२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात घेतलेल्या मोजमापांनी या नियमाला भक्कम आधार दिला.

== युद्धकाळ आणि त्यानंतर ==

१९४१ साली जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर अकादमीच्या संस्था कझान येथे हलवण्यात आल्या. कोल्मोगोरोव यांनी या काळात तोफांच्या माऱ्याच्या अचूकतेचा संभाव्यताशास्त्राच्या आधारे अभ्यास केला. १९४२ साली त्यांनी आपल्या शाळेतील मैत्रीण आन्ना द्मित्रियेव्ना येगोरोवा यांच्याशी विवाह केला.

१९४६ ते १९४९ या काळात ते अकादमीच्या सैद्धांतिक भूभौतिकी संस्थेतील वातावरणीय संक्षोभाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. पुढे ओबुखोव, आंद्रेय मोनिन आणि अकिवा याग्लोम या त्यांच्या शिष्यांनी वातावरणाच्या अभ्यासाची एक संपूर्ण परंपरा उभी केली. १९५४ साली ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत कोल्मोगोरोव यांनी ग्रहांसारख्या गतिकी प्रणालींच्या स्थैर्यासंबंधीचा सिद्धांत मांडला. व्लादिमिर आर्नोल्ड आणि युर्गेन मोझर यांनी तो पुढे नेल्यामुळे तो या तिघांच्या आद्याक्षरांवरून केएएम सिद्धांत या नावाने ओळखला जातो.

== प्रकाशिकीत सिद्धांताचा उपयोग ==

ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीपर्यंत येण्यापूर्वी वातावरणातून जातो. हवेच्या तापमानात एक अंश सेल्सियस फरक पडला, तर तिचा अपवर्तनांक सुमारे दहा लाखांत एक भागाने बदलतो. हा बदल क्षुल्लक वाटला, तरी कित्येक किलोमीटरांच्या मार्गात असे बदल साचत जातात. परिणामी प्रकाशाचे सपाट तरंगाग्र सुरकुतलेले होते, तारे लुकलुकतात आणि मोठ्या दुर्बिणीतही त्यांची प्रतिमा पसरट दिसते.

१९४९ साली ओबुखोव यांनी दोन-तृतीयांश नियम संक्षुब्ध हवेच्या तापमानालाही लागू होतो असे दाखवले. अपवर्तनांक तापमानावर अवलंबून असल्याने तोही याच नियमाने बदलतो. या आधारे व्हॅलेरियान तातार्स्की यांनी संक्षुब्ध माध्यमातून जाणाऱ्या तरंगांचा सविस्तर सिद्धांत रचला आणि १९५९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तरंगाग्रावरील दोन बिंदूंच्या कलांमधील, म्हणजेच फेजमधील, फरकाच्या वर्गाची सरासरी ही त्यांच्यातील अंतराच्या ५/३ घाताच्या प्रमाणात वाढते, असे या सिद्धांतातून निघते.

१९६० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी या सर्व परिणामांचा गोषवारा एका लांबीत दिला. फ्रीड लांबी या नावाने ओळखली जाणारी ही राशी जितकी मोठी, तितके वातावरण शांत असते. दृश्य प्रकाशासाठी चांगल्या वेधशाळांच्या ठिकाणी ती साधारण १० ते २० सेंटिमीटर असते. दुर्बिणीचा आरसा यापेक्षा कितीही मोठा केला, तरी वातावरणाची दुरुस्ती केल्याशिवाय दीर्घ उद्भासनातील प्रतिमेचा तपशील वाढत नाही. अशी दुरुस्ती करण्याची कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली होती. तरंगाग्रातील सुरकुत्या सतत मोजायच्या आणि आकार बदलणाऱ्या आरशाने त्या पुसायच्या, हे तिचे तत्त्व आहे. या तंत्राला अनुकूली प्रकाशिकी म्हणतात.

== प्रयोगशाळेतील कृत्रिम वातावरण ==

अनुकूली प्रकाशिकीचे उपकरण थेट दुर्बिणीवर बसवून तपासणे खर्चिक असते आणि त्यातून खात्रीचा निष्कर्षही मिळत नाही. आकाश दर रात्री, किंबहुना दर मिनिटाला, बदलते. आज उपकरण अधिक चांगले चालले, ते त्यातील सुधारणेमुळे की आजची हवा शांत होती म्हणून, हे सांगता येत नाही. म्हणून उपकरण आधी प्रयोगशाळेत, ठरावीक प्रमाणात अशांत केलेल्या माध्यमातून प्रकाश सोडून तपासले जाते. लहान भोवऱ्यांना आपले मूळ आठवत नाही, या कोल्मोगोरोव यांच्या गृहीतकामुळेच हे शक्य होते. सांख्यिकीय नियम पाळला गेला, तर टेबलावरील माध्यम उपकरणाच्या दृष्टीने आकाशाची जागा घेऊ शकते.

यासाठी प्रामुख्याने तीन पद्धती वापरल्या जातात.

* '''उष्ण हवेची पेटी:''' तापवलेली आणि थंड हवा पंख्यांनी एका बंद पेटीत समोरासमोर सोडून मिसळली जाते आणि त्या मिश्रणातून प्रकाशशलाका पाठवली जाते. यातील संक्षोभ खरा असतो व तापमानातील फरक कमी-जास्त करून त्याची तीव्रता बदलता येते. मात्र पेटीतील सर्वांत मोठे भोवरे पेटीपेक्षा मोठे असू शकत नाहीत, त्यामुळे नियम लागू पडणारा टप्पा अरुंद राहतो. तसेच तोच नमुना हुबेहूब पुन्हा निर्माण करता येत नाही.
* '''फिरत्या तबकड्या:''' काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पारदर्शक तबकडीवर ५/३ नियमानुसार उंचसखल पृष्ठभाग तयार केला जातो. तबकडी फिरवली की वाऱ्याने वाहून नेलेल्या हवेच्या थराचा परिणाम साधतो. एका फेरीनंतर नमुना पुन्हा येतो. म्हणून वेगवेगळ्या वेगांनी फिरणाऱ्या दोन किंवा अधिक तबकड्या वापरतात. त्यांतून वेगवेगळ्या उंचीवरील थरांचीही नक्कल होते.
* '''द्रवस्फटिकांचे पटल:''' संगणकाने तयार केलेला यदृच्छ नमुना लिक्विड क्रिस्टलच्या पटलावर उमटवला जातो आणि त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या तरंगाग्रात हव्या त्या सुरकुत्या पाडल्या जातात. नमुना क्षणात बदलता येतो, परंतु पटलाचा वेग आणि त्यातील बिंदूंची संख्या यांची मर्यादा येते.

या सर्व पद्धतींत प्रत्यक्ष आकारापेक्षा गुणोत्तर जुळवणे महत्त्वाचे असते. आरशाचा व्यास ८ मीटर आणि फ्रीड लांबी १६ सेंटिमीटर असेल, तर त्यांचे गुणोत्तर ५० येते. प्रयोगशाळेतील प्रकाशशलाका १० मिलिमीटर व्यासाची असेल, तर तेथील फ्रीड लांबी ०.२ मिलिमीटर ठेवावी लागते. काळाचेही तसेच आहे. १० मीटर प्रति सेकंद वेगाचा वारा ८ मीटरचा आरसा ०.८ सेकंदात ओलांडतो; म्हणून तबकडीवरील नमुना प्रकाशशलाकेसमोरून १२.५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने सरकला पाहिजे. वाहताना भोवऱ्यांचा आकार फारसा बदलत नाही, हे यामागील गृहीतक ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३८ साली मांडले होते.

कृत्रिम वातावरण विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवण्याची कसोटीही याच सिद्धांतातून मिळते. तरंगाग्रातील फरक अंतरानुसार ५/३ घाताने वाढतात का, हे मोजले जाते. रॉबर्ट नोल यांनी १९७६ साली केलेल्या गणितानुसार कोल्मोगोरोव संक्षोभातील कलेच्या एकूण विचरणापैकी सुमारे ८७ टक्के वाटा तरंगाग्राच्या केवळ कलण्याचा असतो. मोठे भोवरे नसलेल्या पेटीत हा वाटा कमी भरतो आणि त्यावरून पेटीची मर्यादा लगेच लक्षात येते.

== सिद्धांतावरील आक्षेप आणि सुधारणा ==

ऊर्जेचा ऱ्हास सर्वत्र सारखा होत नाही, तो जागोजागी एकवटलेला असतो आणि म्हणून केवळ सरासरी पुरेशी नाही, असा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ यांनी घेतला होता. कोल्मोगोरोव यांनी तो मान्य करून १९६२ साली आपल्या गृहीतकांची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली. या सुधारणेचा परिणाम २/३ घातावर अल्प होतो; त्यामुळे प्रकाशिकीत मूळ नियम वापरता येतो. मात्र जमिनीलगतची हवा, इमारतींचे आडोसे किंवा दुर्बिणीच्या घुमटातील उष्णता यांमुळे निर्माण होणारा संक्षोभ अनेकदा या नियमापासून ढळतो. मोठ्या भोवऱ्यांच्या मर्यादित आकाराचा विचार करण्यासाठी थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाचा सुधारित वर्णपटही वापरला जातो.

== भारताशी संबंध ==

कोल्मोगोरोव यांनी १९६२ साली भारताला भेट दिली आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तेथील तरुण संशोधकांशी चर्चा केली. त्यांत पुढे आबेल पारितोषिक मिळवणारे एस. आर. श्रीनिवास वरदन होते. त्यांच्या प्रबंधाच्या परीक्षकांमध्ये कोल्मोगोरोव यांचा समावेश होता. अनुकूली प्रकाशिकीच्या क्षेत्रात पुण्याच्या आयुका या संस्थेने अमेरिकेतील कॅलटेकच्या सहकार्याने रोबो-एओ ही स्वयंचलित प्रणाली विकसित केली आणि ती पालोमार वेधशाळेतील १.५ मीटर दुर्बिणीवर बसवण्यात आली.

== शिक्षणकार्य आणि अखेरची वर्षे ==

१९६३ साली मॉस्को विद्यापीठाशी संलग्न अशी गणित व भौतिकशास्त्राची निवासी शाळा स्थापन करण्यात कोल्मोगोरोव यांचा पुढाकार होता. लहान गावांतील हुशार मुलांना तेथे प्रवेश मिळे आणि ते स्वतः तेथे शिकवत. १९७० साली सुरू झालेल्या 'क्वांत' या विद्यार्थ्यांच्या मासिकाच्या स्थापनेत भौतिकशास्त्रज्ञ इसाक किकोइन यांच्यासह त्यांचा वाटा होता. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांनी केलेले बदल मात्र फार अमूर्त आहेत अशी टीका झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती तीव्र झाली. याच दशकाच्या आरंभी, वयाच्या साठीनंतर, 'द्मित्री मेंदेलेयेव' या संशोधन नौकेवरून त्यांनी समुद्रातील संक्षोभाच्या अभ्यासासाठी सफर केली.

त्यांना १९६३ साली बाल्झान पारितोषिक, १९६५ साली आर्नोल्ड यांच्यासमवेत लेनिन पारितोषिक आणि १९८० साली वुल्फ पारितोषिक मिळाले. इझरायल गेलफांद, व्लादिमिर आर्नोल्ड आणि याकोव सिनाई हे त्यांचे शिष्य पुढे जगप्रसिद्ध झाले. अखेरच्या वर्षांत कंपवाताने आणि दृष्टी गेल्याने त्यांना स्वतः वाचणे-लिहिणे अशक्य झाले, तेव्हा त्यांचे विद्यार्थी आळीपाळीने त्यांच्याजवळ राहत. २० ऑक्टोबर १९८७ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. नोव्होदेविची दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.